दुसऱ्या लिपीतलं नाव

नाखवा काका इंग्रजी अक्षर कधी नुसतं सांगत नसत, आधी त्याची लिपी सांगत. "पहिल्या लिपीतला आर, मंग दुसऱ्या लिपीतला ए," असं ते फोनवर सुरू झाले की पलीकडचा मुंबईचा माणूस गोंधळून जाई आणि दोनदा तीनदा "काय?" विचारी. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून कळलं. मराठी शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू झालं की आम्हाला चार लिप्या शिकवत. पहिली छापील मोठी, दुसरी छापील लहान, आणि तिसरी-चौथी वळणाची. शहरातली मुलं त्यांना कॅपिटल आणि स्मॉल म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं, आणि त्यानंतर 'लिपी' हा शब्द मी चारचौघांत उच्चारायचा बंद केला. काकांनी तो पन्नाशीतही सोडला नव्हता.

मी दहिवडीची. वडील तिथल्या एस.टी. स्टँडवर हमाली करत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यानंतर साताऱ्यात कॉम्प्युटरचा वर्षाचा कोर्स केला आणि कळंबोलीला मामांकडे राहायला आले. नव्वदीची शेवटची वर्षं होती. तळोज्यातल्या एका कीटकनाशकांच्या कारखान्यात मुलाखतीला गेले, तर पर्सोनेल मॅनेजरांनी इंग्रजीत विचारलेल्या तिन्ही प्रश्नांना माझ्या तोंडून फक्त 'येस सर' निघालं. ते कागद आवरायला लागले होते. तेवढ्यात कोपऱ्यात चष्मा पुसत बसलेल्या एका सावळ्या, बारीक माणसाने मराठीत विचारलं, "युनिक्सवर पासवर्ड बरोबर हाय, तरी मशीन आत घेत नाय. काय बघशील?"

"लिपी बघेन," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

तो माणूस मॅनेजरांकडे वळला. "हिला घ्या साहेब. आपल्या शाळेतली हाय."

तेच नाखवा काका. हजेरीपटावर त्यांचं नाव इब्राहिम होतं, पण त्यांच्या वडिलांची उरणजवळच्या मोरा बंदरात होडी होती, म्हणून सगळा कारखाना त्यांना नाखवा म्हणे. ते स्वतः होडीवर कधी गेले नाहीत. "मना उलटी होते पान्यावर," असं ते अगदी गंभीरपणे सांगत. मॅट्रिक होऊन ते टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागले. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बिघडला तर भरून द्यावा लागेल या भीतीने कोणी त्याला हात लावेना. काकांनी लावला. पुढे तेच कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख झाले. विभाग म्हणजे एक थंड खोली, ते, मी आणि दोन मशिनं. त्यांच्या टेबलावर मॅन्युअल असे आणि मॅन्युअलवर इंग्रजी-मराठी शब्दकोश. शब्दकोश जास्त झिजलेला होता.

मशीनवर काही चूक उमटली की मी घाईने कुठलं तरी बटण दाबून ती घालवायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा हात धरून थांबवला. "बाय, एरर म्हंजे शिवी नाय. निरोप हाय. पुरा वाच, मंग काय तो हात लाव." त्यांच्याकडे एक वही होती. आलेली प्रत्येक चूक तीत ते देवनागरीत उतरवून ठेवत आणि खाली तिचा अर्थ आपल्या भाषेत लिहीत. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' याच्याखाली लिहिलं होतं, 'घरात माणूस आहे, पण दार उघडत नाही.' 'होस्ट अननोन' याच्याखाली, 'या नावाचं घर गावात नाही.' मी कॉलेजात जे पाठ केलं होतं ते मला त्या वहीतून पहिल्यांदा समजलं.

प्रोग्राम डेटाबेसला जोडला जात नसेल तर काय करायचं, याची त्यांची रीत ठरलेली होती. ते तीन प्रश्न विचारत आणि क्रम कधी बदलत नसत. "हाक पोचते का? घरात कोनी हाय का? आनि तू हाक मारतेस ती कुठल्या नावानं?" पहिल्या प्रश्नासाठी ते टेबलाखाली वाकून वायर स्वतःच्या हाताने चाचपत. मी म्हणे, काका, वायर ठीकच आहे. ते म्हणत, "तू बगितलीस का तुला वाटतंय?" हे ते चिडून विचारत नसत. पण उत्तर मिळेपर्यंत वाट बघत, आणि ते वाट बघणं चिडण्यापेक्षा कठीण जाई.

आमच्या खोलीत दुपारी न चुकता येणारा माणूस म्हणजे बाळाराम. शेजारच्या नावडे गावचा. औषधं, म्हणजे कीटकनाशकं, मिसळायच्या विभागात मशीनवर होता. काकांचा आणि त्याचा डबा एकत्र असे. बाहेरच्या बाकावर बसून दोघं जेवत आणि मग बाळाराम थंड पाणी प्यायला आत डोकावे. काचेतून मशीनकडे बोट दाखवून म्हणे, "ही बया माज्या रगताची वही ठेवते, आनि मना चाय पन इचारीत नाय."

"रगत चांगलं ठेव, मंग पाजंल," काका म्हणत.

त्यात थट्टा होती, पण वही खरी होती. त्या विभागात काम करणाऱ्यांच्या अंगात औषध थोडं थोडं मुरत जातं. माणसाला काही जाणवत नाही, पण रक्तातला एक घटक हळूहळू कमी होतो. म्हणून ठरावीक दिवसांनी सगळ्यांचं रक्त तपासत, आणि आकडा एका रेषेखाली गेला की त्या माणसाला काही आठवडे मशीनवरून काढून कारखान्याच्या बागेत काम देत. तो आराम नव्हता, उपाय होता. रेषेखाली गेलेला माणूस मशीनवरच राहिला तर एरवी सहज सोसेल इतकं औषधही त्याला पुरे होतं. आकडे कारखान्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर भरी, आणि दर शनिवारी आमच्या खोलीतून रेषेखालच्या माणसांची यादी छापून प्लांटवर जाई. कोणाला बागेत पाठवायचं ते त्या यादीवरूनच ठरे, म्हणून कामगार तिला बागेची यादी म्हणत. बाळाराम दोनदा बागेत जाऊन आला होता. "मी कंपनीचा माळी, अधूनमधून मशीन चालवतो," असं तो सांगे.

ही वही आधी आमच्या खोलीतल्या साध्या विंडोजच्या मशीनवर होती. ते मशीन दर महिन्याला बंद पडे, म्हणून सगळं शेजारच्या युनिक्स मशीनवर हलवायचं ठरलं. काम माझ्याकडे आलं. माझं स्वतःचं असं ते पहिलंच काम. एका रविवारी दिवसभर बसून मी सगळं हलवलं आणि संध्याकाळी मामांना सांगितलं, झालं. सोमवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरांच्या पडद्यावर डेटाबेस उपलब्ध नाही असं येत होतं.

काका टेबलाखाली वाकले, वायर चाचपली. हाक पोचत होती. मशीनवर डेटाबेस चालू होता, म्हणजे घरात माणूस होता. मग त्यांनी मला जोडणीची फाइल उघडायला लावली. माझ्या आधीच्या कोणीतरी डेटाबेसचं नाव इंग्रजी अक्षरांत 'रक्त' ठेवलं होतं. जुन्या फायलीत ते नाव पहिल्या लिपीत लिहिलेलं होतं, आणि नव्या मशीनवर मी डेटाबेस तयार केला तो दुसऱ्या लिपीत. जुन्या मशीनला दोन्ही सारखीच. युनिक्सला ती दोन वेगळी नावं. मी आता हे देवनागरीत लिहिते आहे, तर तो फरक कागदावर दाखवताही येत नाही. आपल्याकडे 'रक्त' एकाच तऱ्हेने लिहितात.

मी नाव दुरुस्त केलं आणि डॉक्टरांचा पडदा सुरू झाला. आपण दोघं लिपीवाले, आणि आपल्याच हातून लिपी चुकली, यावर आम्ही हसलो. मग काकांनी विचारलं, "हे नाव आजून कुठं कुठं लिवलंय?"

"इथंच," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत थांबले. नेहमीचा पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांवर होता असं मला आजही वाटतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, रजेचा अर्ज मंजूर व्हायचा होता, आणि मॅनेजरांच्या शिपायाने त्यांना हाक मारली. ते उठून गेले. त्यानंतर तीन आठवडे ते रजेवर होते.

शनिवारची यादी छापणारा प्रोग्राम वेगळा होता. त्याची स्वतःची छोटी जोडणीची फाइल होती, आणि तीत 'रक्त' अजून पहिल्या लिपीत होतं. मी ती फाइल उघडलीच नव्हती. पहिल्या शनिवारी मी प्रोग्राम चालवला. प्रिंटर कुरकुरला, कागद बाहेर आला. वर कारखान्याचं नाव, तारीख, 'कामावरून बाजूला ठेवायचे कामगार' हे शीर्षक, त्याखाली रकाने, आणि रकान्यांत काही नाही. पडद्यावर एकही चूक उमटली नाही. ती उमटत होती, पण मशीनच्या आतल्या एका नोंदींच्या फायलीत, आणि ती फाइल मी बघितली नाही. मी यादीवर खूण केली, 'तपासली' असं लिहिलं आणि ती प्लांटवर पाठवली. मनात आलं, या आठवड्यात कोणाचंच रक्त बिघडलं नाही. मला बरं वाटलं. दुसऱ्या शनिवारी तसंच, आणि तिसऱ्याही. प्लांटवरूनही कोणी विचारलं नाही. माणसं कमी होत नव्हती, त्यांनी का विचारावं.

तिसऱ्या शनिवारनंतरच्या सोमवारी काका परत आले. काळा चष्मा, एका डोळ्यातून पाणी गळत होतं. खुर्चीवर बसून त्यांनी आधी याद्यांची फाइल मागितली. तिन्ही कागद एकापाठोपाठ एक डोळ्याजवळ नेऊन पाहिले.

"तीन हप्ते बागंत कोनीच नाय?"

"नाही काका. चांगलंच आहे ना."

त्यांनी कागद खाली ठेवले. मग म्हणाले, "डॉक्टरांच्या पडद्यावर जा. बाळारामचा आकडा काढ."

मी काढला. तो रेषेच्या खाली होता. बराच खाली होता. तीन आठवड्यांपूर्वी थोडा खाली, मागच्या तपासणीला आणखी खाली. पडदा हे सांगत होता आणि शेजारी ठेवलेली यादी कोरी होती.

त्यांनी मला बाजूला सरकवलं आणि एका डोळ्याने, एकेका बोटाने टाइप करत नोंदींची फाइल उघडली. तिन्ही शनिवारच्या तारखा आणि प्रत्येकापुढे तीच ओळ. या नावाचा डेटाबेस नाही. मग जोडणीची फाइल. मग त्यांनी एक एक अक्षर पुसून दुसऱ्या लिपीत लिहिलं. प्रिंटर कुरकुरला. चार नावं आली. पहिलं बाळारामचं.

काका कागद घेऊन प्लांटकडे निघाले. डोळ्याला धूळ लागू द्यायची नाही असं त्यांना बजावलं होतं. मी मागून धावले. तीन माणसांना त्यांनी तिथल्या तिथे मशीनवरून खाली उतरवलं. सुपरवायझर हरकत घ्यायला लागला, तेव्हा त्याच्या हातात यादी ठेवली आणि विचारलं, "बाळाराम कुठाय?"

"त्याला शुक्रवारी गेटवरून परत पाठवला. पिऊन आलेला. पाय लटपटत होते, तोंडातून लाळ गळत होती, बोलता येत नव्हतं नीट."

"बाळाराम पीत नाय."

"आता पीत असेल, नाखवा. तुम्ही तीन आठवडे होता कुठं?"

बाळाराम पनवेलच्या एका दवाखान्यात होता. शनिवारी उलट्या वाढल्यावर घरच्यांनी नेलं, आणि कारखान्याच्या माणसाने सांगितलं म्हणून घरच्यांनीही तिथे सांगितलं की दारू प्यायला आहे. उपचार दारूचेच चालले होते. काका कारखान्याची जीप घेऊन गेले, डॉक्टरांना यादी दाखवली, औषधाचं नाव सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी बाळारामच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकून पाहिला आणि लगेच विषावरची इंजेक्शनं मागवली. त्या दिवशी त्याने काकांना ओळखलं. मंगळवारी श्वास अडकायला लागला. बुधवारी सकाळी तो गेला.

मी काकांना म्हणाले, "माझ्यामुळे झालं." ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "मी तुला इचारलं. तू न बगता सांगितलंस. आनि मी न बगता मानलं. दोगांचं हाय." कोणीतरी 'तुझी काही चूक नाही' म्हणावं असं तेव्हा मला फार वाटत होतं. मामांनी म्हटलं, मामींनी म्हटलं. त्यातलं काही आज आठवत नाही. काकांचं वाक्य मात्र मी पुढे प्रत्येक नोकरीत बरोबर नेलं.

आठवड्याने सरकारी इन्स्पेक्टर येणार असं ठरलं. मॅनेजरांनी काकांना बोलावलं. मी बाहेर बसले होते, दार अर्धं उघडं होतं.

"ती नोंदींची फाइल कशाला हवी आता? डिस्कवर जागा अडवून बसते."

"लहान हाय साहेब. जागा घेत नाय."

"नाखवा, तुम्ही सीनियर आहात. माणूस पिऊन आला होता, सुपरवायझरचा जबाब आहे. कशाला टेन्शन वाढवता? त्या मुलीचीही नोकरी आहे. गरिबाघरची आहे ती."

काका बाहेर आले आणि मला प्लांटमागच्या बागेत घेऊन गेले. तिथे बाळारामच्या यादीतले ते तिघे झाडांना अळी करत होते. काका सावकाश बोलले. "फाइल पुसली तर तुजी नोकरी राहील. छापली तर माजी जाईलच, तुजी पन जाईल बहुतेक. मी छापनार हाय. पन तिच्यात तुजं नाव येईल, म्हनून तुला सांगतो. माजं एकट्याचं लिवलं तर ते पन खोटंच होईल."

मला वडिलांची आठवण आली. ते दर महिन्याला पोस्टातून फोन करत आणि पहिला प्रश्न विचारत, 'साहेब लोक बरं वागवतात ना?'  अळी करणाऱ्यांपैकी एकाने पाण्याचा पाइप आमच्या पायांजवळून ओढून नेला. मग मी म्हणाले, "छापा."

त्यांनी त्या फायलीच्या तीन प्रती छापल्या आणि सोबत मराठीत एक पान लिहिलं. कुठली फाइल, कुठलं नाव, कोणी काय विचारलं, कोणी काय उत्तर दिलं, कोणी खात्री केली नाही. खाली दोघांच्या सह्या. इन्स्पेक्टर आले तेव्हा मॅनेजरांच्या केबिनमध्ये चहा चालू असताना काका आत गेले, पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि पोच मागितली.

पुढे त्या कागदाचं काय झालं ते मला नीट कधीच कळलं नाही. चौकशी लांबत राहिली. कारखाना एक दिवसही बंद राहिला नाही. सुपरवायझर तिथेच होता. काकांकडून 'दुर्लक्ष झाले' असं लिहून राजीनामा घेतला. मला मेमो मिळाला आणि ठेवून घेतलं, कारण युनिक्स मशीन चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. ही माझी शिक्षा की बक्षीस, हे मी ठरवू शकले नाही. जायच्या आधी काकांनी माझ्याकडून यादीचा प्रोग्राम पुन्हा लिहून घेतला. आता यादीच्या तळाशी किती जणांचे आकडे वाचले ते छापून येई, आणि जोडणी झाली नाही तर शीर्षकाच्या जागी मोठ्या अक्षरांत मराठीत येई, 'ही यादी खरी नाही.' ती भाषा त्यांची.

त्यांचा शेवटचा दिवस शनिवार होता. निरोपसमारंभ झाला नाही. यादी प्लांटवर पोचवून त्यांनी सही घेतली आणि मला म्हणाले, "नावड्याला येशील? बाळारामच्या घरी सांगायचं राहिलंय." मला जायचं नव्हतं. मी गेले. काकांना मी त्या दिवसानंतर भेटले नाही. ते उरणला गेले, मी वर्षभराने पुण्याला, आणि काही वर्षांनी ते वारल्याचं मला कारखान्यातल्या एका जुन्या माणसाने फोनवर सांगितलं, तेही दुसऱ्याच कामाचं बोलता बोलता.

बाळारामचं घर गावाच्या आतल्या अंगाला होतं. ओटीवर त्याची आई तांदूळ निवडत होती. बायको गुलाबबाई आतून आली, काकांना बघून डोक्यावर पदर घेतला. काकांनी बसायच्या आधीच सांगितलं, "गुलाब, तो पिऊन आला नवता."

ती उभीच राहिली. काका सांगत गेले. औषध अंगात कसं मुरतं, पाय का लटपटतात, लाळ का गळते, यादी काय असते, ती कोरी का आली. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी ती जमिनीकडे बघत बोलायला लागली.

"मना कंपनीच्या मानसानी सांगितला का पिऊन आलाय. मीनी त्याच्या तोंडाचा वास घेतला. औषधाचाच वास येत होता. तरी वाटला का लपवतोय. मी शुक्रवारपासना त्याच्याशी बोलली नाय. तो पानी मागीत होता. मीनी पोराच्या हातून दिला."

काकांनी काळा चष्मा काढला आणि हातात धरला. मला वाटलं, आता मी बोललं पाहिजे. मी म्हणाले, "ताई, ते नाव मी बदलायला हवं होतं. काकांनी मला विचारलं होतं. मी न बघता सांगितलं."

गुलाबबाईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझी साडी, पर्स, हातातलं घड्याळ. "शिकलेली हायस ना तू?" तिने विचारलं. मी मान हलवली.  आत वळताना ती म्हणाली, "निगा आता."

आम्ही निघालो.  बसथांब्यावर पोचलो तेवढ्यात मागून बाळारामची आई येताना दिसली. अनवाणी, धापा टाकत. काकांसमोर उभी राहून म्हणाली, "इब्राहिम, तू सांगितलास ते लिवून दे. गावात दाखवाला."

माझ्याकडे कागद होता. काका थांब्याच्या कट्ट्यावर बसले आणि मांडीवर माझी पर्स घेऊन तिच्यावर लिहायला लागले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने नीट दिसत नसावं, अक्षरं मोठी आणि वाकडी येत होती. 'नावड्याचा बाळाराम दारू प्यायलेला नव्हता. कारखान्याचे औषध त्याच्या अंगात मुरले होते. ते वेळेवर ओळखणे आमचे काम होते. आम्ही ते केले नाही.' त्यांनी सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी सही केली.

म्हातारीने कागद घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत त्यांच्यापुढे धरला. "वाचून दाखव."

काकांनी वाचलं. त्यांचा आवाज मुळातच हळू होता, खोलीतल्या मशीनच्या घरघरीतही मला कान द्यावा लागे. म्हातारीने थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. गावातलेच होते, चार-पाच जण, दोन बायका डोक्यावर टोपल्या घेऊन.

"जोरात वाच," ती म्हणाली. "त्यांना आयकू दे."

काका उभे राहिले. कागद डोळ्यांजवळ धरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा, आवाज चढवून, एक एक शब्द सुटा करून वाचला. मग आमची दोघांची नावं वाचली.